कंपनीनं हात वर केल्यावर

शॉकअप या भागाचं नावच चुकीचं आहे. खड्ड्याचा धक्का शॉकअप खात नाही, तो स्प्रिंग खाते. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, ती ताकद पोटात साठवते आणि लगेच परत देते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर ती कितीतरी वेळ पाळण्यासारखी हलत राहील. हे हलणं शांत करणं, एवढंच शॉकअपचं काम. त्याच्या आत तेल असतं. त्या तेलाला बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून जबरदस्तीनं जावं लागतं, आणि त्या ओढाताणीत गाडीच्या उड्यांची उष्णता होऊन हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून बराच वेळ चालवून आल्यावर हात लावून बघा, शॉकअप गरम लागतो. इंग्रजीत त्याला डॅम्परही म्हणतात, ते जास्त बरोबर आहे. मराठीत 'शमक' म्हणता येईल, पण गॅरेजमध्ये जाऊन 'शमक बदला हो' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

म्हणजे हा भाग काम करता करता स्वतःला खर्च करतो. तेल जुनं होतं, सील कडक होतं, दांडा ज्या बुशमध्ये फिरतो ते बुश झिजतं. घरातल्या कुकरची रिंग जशी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तसंच. रिंग बदलली म्हणून 'हा आईचा कुकर राहिला नाही' असं कुणी म्हणत नाही.

पण समजा, कुकरची कंपनीच बंद पडली. किंवा कंपनी आहे, पण त्या मापाची रिंग तिनं चाळीस वर्षांपूर्वीच काढणं सोडलं. बाजारात जी रिंग मिळते ती 'जवळपास बसते'. आणि कुकरच्या समोर तुमच्याशिवाय दुसरंही कुणीतरी उभं असतं. जुन्या गाड्या पाळणाऱ्या लोकांसमोर हा प्रश्न रोज असतो, आणि तो वरवर दिसतो तितका हौशी लोकांचा लाडिक प्रश्न नाही.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. ही इंग्लंडमधली दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात ती बनली, पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि त्यातल्या पुष्कळ अजून धावतात. तिचे शॉकअप आर्मस्ट्राँग या इंग्लिश कंपनीचे, आणि आज आपण बाइकच्या मागच्या चाकाशी बघतो तसे नळीसारखे नव्हेत. धातूचा एक जड ठोकळा, त्यात तेल आणि दोन पिस्टन, आणि बाहेर एक हात. चाक वर-खाली झालं की हात हलतो, हातामुळे आतला दांडा फिरतो, दांडा पिस्टनला ढकलतो. वर तेल भरायला एक बूच. यांना लिव्हर शॉकअप म्हणतात.

खरी गंमत पुढच्या चाकांशी आहे. तिथे या शॉकअपचा हात हाच चाकाला वरून धरणारा हात आहे. खाली एक वेगळा हात, वर हा. शॉकअप खोलून बाजूला ठेवला तर चाकाचं वरचं टोक धरायला काही उरतच नाही. त्यामुळे त्याचं बुश झिजलं की नुसती गाडी डुलत नाही, चाकाचा कोनही ढिला पडतो. आरामाचा भाग आणि सांगाड्याचा भाग एकच. इंग्लंडच्या जुन्या मॉरिस मायनरमध्येही हीच रचना होती.

आर्मस्ट्राँगचा नवा कोरा डबाबंद शॉकअप आज दुकानातून आणता येत नाही. एमजी हे नाव मात्र जिवंत आहे. आपल्याकडे २०१९ पासून रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरवर तोच आठ कोनांचा बिल्ला आहे. नावाची मालकी चीनच्या सैक या कंपनीकडे गेली. बिल्ला विकत घेता येतो, पण १९६५ सालच्या गाडीच्या शॉकअपबद्दल त्या बिल्ल्याला विचारायला गेलात तर उत्तर मिळणार नाही, आणि मिळावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. कंपनीनं हात वर केलेत, आणि त्यात कुणाचा विशेष गुन्हा नाही. पन्नास वर्षं कोण पुरणार?

आता मालकानं काय करायचं?

पहिला रस्ता सगळ्यात स्वस्त: बूच उघडायचं आणि जरा जाड तेल भरायचं. गाडीचा कोपरा हातानं दाबून सोडला तर ती एकदाच उसळून शांत होते. मालक खूश, विकत घेणारा खूश. पण झिजलेलं बुश तसंच झिजलेलं असतं, सील तसंच गळकं, आणि काही महिन्यांत तेल पुन्हा खाली. हातानं हळू दाबलेली गाडी आणि खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक मारलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक मारताना चाक जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे. शॉकअप गेलेला असेल तर चाक बारीक उड्या मारतं, आणि जेवढा वेळ ते हवेत आहे तेवढा वेळ ब्रेकचा उपयोग शून्य.

इथे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातलं ते थीसिअसचं जहाज आठवणार, हे मला माहीत आहे. प्लुटार्कनं सांगितलेली गोष्ट: अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचं जहाज जपून ठेवलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि मग पंडितांत वाद सुरू झाला की हे तेच जहाज की दुसरं. वाद छान आहे. पण त्या गोष्टीत एक सोय आहे, ती म्हणजे जहाज जपून ठेवलेलं होतं. त्याच्या नव्या फळीवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. गाडी शाळेसमोरच्या रस्त्यावरून जाते. झेब्रा क्रॉसिंगवरच्या पोराला ही 'तीच' एमजीबी आहे की 'दुसरी', यात काडीचा रस नाही. त्याच्या दृष्टीनं प्रश्न एकच: साधारण टनभर लोखंड वेळेत थांबणार की नाही, आणि थांबलं नाही तर जाब कुणाला विचारायचा?

म्हणून मला वाटतं, बंद पडलेल्या भागाचा प्रश्न मुळात ओळखीचा नाहीच. तो शब्दाचा आहे. कारखाना एखादा भाग बनवतो तेव्हा त्यामागे कुणाचा तरी शब्द असतो. कुणी तरी तो आखला, कुणी तरी तो तोडून बघितला, कुणी तरी सही केली. आपण डबा उघडून भाग बसवतो तेव्हा आपण तो शब्द वापरत असतो, एका अर्थानं फुकटात. उत्पादन बंद होतं त्या दिवशी धातू तसाच राहतो, शब्द संपतो. आणि गाडी रस्त्यावर राहणारच असेल तर तो शब्द कुणाला तरी द्यावा लागतो. लेथवर बसलेल्या कारागिराला, किंवा तुम्हाला.

दुसरा रस्ता दुरुस्तीचा. इंग्लंड-अमेरिकेत हे काम करणारे कारागीर आहेत. ते ठोकळा पूर्ण उघडतात, झिजलेलं भोक मोठं करून त्यात नवं बुश बसवतात, आजच्या रबराचं चांगलं सील घालतात, व्हॉल्व्ह साफ करतात, तेल भरून तपासतात. नीट केलेलं काम मूळ मालापेक्षा जास्त टिकतं असं म्हणणारे मालक पुष्कळ आहेत. (नुसता रंग मारून, तेल भरून 'रिकंडिशन' म्हणून विकणारेही आहेतच. रंगाचा वास ताजा असेल तर सावध राहावं.)

पण इथे एक मजेशीर व्यवहार चालतो. बहुतेक वेळा तुमचा शॉकअप दुरुस्त होऊन तुम्हाला परत येत नाही. तुम्ही अनामत भरता, तयार जोडी घेता, आणि तुमची जुनी जोडी त्यांना पाठवली की अनामत परत मिळते. सोड्याच्या बाटलीसारखं. तुमच्या गाडीचा शॉकअप पुढच्या महिन्यात भलत्याच माणसाच्या गाडीत जातो, आणि तुमच्याकडे आलेला कुठल्या गाडीतून निघालाय, कुणालाच ठाऊक नसतं.

'माझ्या गाडीचा प्रत्येक नट मूळचा' असं सांगणाऱ्याला हे टोचतं. मला उलट ही व्यवस्था फार आवडते, कारण ती भिशीसारखी आहे. सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांना मिळतं. ठोकळे नवे ओतले जात नाहीत असं धरलं तर जगात ते मोजकेच आहेत. कुणी दोन जोड्या 'असाव्यात' म्हणून माळ्यावर दडपून ठेवल्या, कुणी भंगारात किलोनं विकल्या, की भिशी तेवढी लहान होते. इथे तुमची चांगली-वाईट वागणूक जिच्यापर्यंत पोचते ती व्यक्ती तुम्हाला कधीच भेटणार नाही. कदाचित ती अजून जन्मलेलीही नसेल. तिचं तुम्ही काय देणं लागता, हा नीतिशास्त्रातला भारी प्रश्न आहे, आणि तो इथे गंजलेल्या, तेलकट रूपात कुरियरच्या खोक्यात बसलेला असतो.

तिसरा रस्ता: लिव्हरची कटकटच नको, आजचे नळीचे शॉकअप बसवा. त्यासाठी तयार किट मिळतात. मागच्या चाकांना हे तुलनेनं सोपं आहे. पुढे अडचण येते, कारण जुना ठोकळा काढला तर चाकाला वरून धरणार कोण? म्हणून पुढच्या बऱ्याच किटमध्ये जुना शॉकअप जागेवरच ठेवतात. आतला व्हॉल्व्ह काढून टाकतात. हात मोकळा हलतो, दाबत काहीच नाही. सगळं काम शेजारी लावलेली नवी नळी करते. जुना नुसता बिजागरी म्हणून उरतो. पद आहे, खुर्ची आहे, खातं काढून घेतलंय.

बॉनेट उघडून बघणाऱ्याला ठोकळा दिसतो, नंबरही दिसतो. गाडी 'ओरिजिनल' का?

ओरिजिनलचे कट्टर लोक या किटला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही, निदान सरसकट नाही. एक तर कंपनीला काय हवं होतं, हेच तितकं स्पष्ट नाही. नव्वदच्या दशकात रोव्हर कंपनीनं एमजीबीच्याच सांगाड्यावरून आरव्ही८ नावाची गाडी काढली, सुमारे दोन हजार. तेव्हा त्यांनी लिव्हर शॉकअप सोडून नळीचे कोनी शॉकअप लावले. म्हणजे ज्यांच्या नावानं आपण शपथ घेतोय, त्यांनीच दुसरी संधी मिळाल्यावर तो भाग सोडला. आणि एमजीबीची नवी कोरी बॉडी १९८८ पासून जुन्याच साच्यांतून काढून विकली जाते. आख्खा सांगाडा नवा चालतो आणि शॉकअप मात्र १९६५चाच पाहिजे, हा हट्ट मला कळत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. नवी नळी लावली की धक्का नव्या जागी पोचतो. जुन्या रचनेत तो ज्या बोल्टांवर येत होता तिथे न येता दुसऱ्या कुठल्या पट्टीवर येतो. ती पट्टी, तो बोल्ट, तो पत्रा हे सहन करतील का, हे कुणी तपासलंय? किट बनवणाऱ्यानं नीट तपासलं असेल तर त्यानं आपला शब्द दिला, उत्तम. नसेल तर तो शब्द हवेतच आहे आणि मालकाला वाटतंय की तो कंपनीचा आहे. जुन्या गाडीत सगळ्यात धोकादायक भाग तोच, ज्याच्याबद्दल प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेल.

हे सगळं परदेशी श्रीमंतांचं कौतुक वाटत असेल, तर कुर्ल्याकडे या. प्रीमियर पद्मिनी तिथेच बनली, मुळात फियाट ११००. नव्या शतकाच्या तोंडाशी तिचं उत्पादन थांबलं, पण मुंबईच्या रस्त्यावर ती काळीपिवळी होऊन पुढे दोन दशकं पळत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. कंपनी गेल्यानंतरची ती वर्षं कुणाच्या जोरावर निघाली? चोरबाजारातल्या आणि कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांच्या, आणि रस्त्याकडेला जॅक लावून बसणाऱ्या मेकॅनिकांच्या. तिथे 'ओरिजिनल' या शब्दाचा अर्थ 'टिकणारा' एवढाच होता, आणि 'डुप्लिकेट' म्हणजे 'लवकर जाणारा'. टॅक्सीवाल्याचं पोट त्यावर होतं, त्यामुळे भावनेला जागा कमी. शिवाय टॅक्सीला वारंवार पासिंग करून घ्यावं लागतं. पासिंग कसं होतं यावर प्रत्येकाचं मत असेल, पण निदान तिसरा एक माणूस गाडीभोवती फिरून सही करतो. शब्द कुणाचा, याचं कागदावर तरी उत्तर असतं.

हौसेच्या गाडीला ते नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आणले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शॉकअपचं नाव त्यात नाही, आणि ते बरंच आहे. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत इन्स्पेक्टर तुम्हीच.

दगडी इमारतींच्या जतनवाल्यांनी या प्रश्नावर आपल्या आधी डोकं लावलं आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेत एक साधी गोष्ट आहे: नव्यानं घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ कुठला आणि नवा कुठला हे ओळखू यावं. खोटा जुनेपणा नको. पुढे फीवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ट्युरिन सनद केली, तीही याच वळणाची: बदललेल्या भागावर खूण करा, कामाची नोंद ठेवा. आणि तिला गाड्या चालत्या हव्यात, नुसत्या काचेमागे नकोत.

या चष्म्यातून बघितलं तर रिकामा ठोकळा फसवणूक कधी होतो ते स्पष्ट दिसतं. ग्लोव्हबॉक्समध्ये चिठ्ठी असेल की 'पुढच्या दोन्ही शॉकअपचे व्हॉल्व्ह काढलेत, काम नळी करते, अमुक तारीख', तर ती दुरुस्ती. चिठ्ठी नसेल तर पुढचा मालक कधीतरी नळी काढून ठेवेल, 'मूळचं आहेच की' म्हणून, आणि गाडी शॉकअपशिवाय रस्त्यावर येईल. तेच लोखंड, तोच बोल्ट. फरक एका कागदाचा.

ज्या गाड्या आता जुन्या व्हायला लागल्यात त्यांच्यात हे आणखी अवघड आहे. १९८९ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटला असे शॉकअप मिळायला लागले की ड्रायव्हरनं बटण फिरवलं की वर बसवलेली छोटी मोटर आतली वाट लहान-मोठी करायची. त्यानंतर महागड्या गाड्यांत असे विजेवर चालणारे शॉकअप सर्रास आले, आणि त्यांतले कित्येक आता कंपन्यांनी बंद केलेत. जागी साधे शॉकअप बसवले की गाडीचा कॉम्प्युटर बोंब मारतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग बाजारात एक छोटी डबी मिळते. ती वायरला जोडली की कॉम्प्युटरला वाटतं मूळ भाग जागेवर आहे, आणि दिवा विझतो.

रिकामा ठोकळा माणसाच्या डोळ्यासाठी, ही डबी कॉम्प्युटरच्या समाधानासाठी. पण मला दोन्ही सारख्या वाटत नाहीत. ठोकळ्याला निदान बूच आहे, चार बोल्ट आहेत, शंका आली तर उघडून बघता येतं. दिवा मात्र गाडीनं खरं बोलण्याची एकमेव जागा होती. तुमच्या हातातल्या फोनचंही असंच काहीसं झालंय. बॅटरी गोंदानं चिकटवलेली, भाग बदलला तर स्क्रीनवर इशारा, आणि एक दिवस कंपनी सांगते की यापुढे अपडेट नाही. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, ते याच दुखण्यावर. हक्काबद्दल आपण बोलायला लागलो, चांगलंच आहे. पण लिव्हर शॉकअप उघडून बसलेल्याला हक्काबरोबर दुसरी गोष्टही मिळते: उघडल्यावर बंद करताना आता हे माझं, ही जाणीव. ती जाणीव नको असणारे लोकही खूप असतात, आणि त्यांनी खुशाल नवी गाडी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

एक प्रकरण मात्र माझ्या डोक्यात सुटत नाही. समजा, कुणी एमजीबी विकत घेतली आणि तिच्यात १९८५च्या आसपास कुणीतरी बसवलेलं नळीचं किट निघालं. जुने ठोकळे कधीच भंगारात गेलेत. गाडी आपल्या आयुष्याची वीस वर्षं लिव्हरवर चालली आणि चाळीस वर्षं नळीवर. आता ते किट काढून भिशीतून दोन ठोकळे आणायचे, की ते चाळीस वर्षांचं किटही या गाडीचंच मानायचं? ट्युरिनवाल्यांचं ऐकलं तर गाडीवर झालेले जुने बदलही तिच्या इतिहासात धरावे लागतात. भिशीच्या हिशेबानं बघितलं तर ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्यासाठी ते ठोकळे सोडावेत. आणि किट काढावंसं वाटणाऱ्याचंही मला पटतं, कारण ते बसवणाऱ्याचा शब्द विचारायला आज कुणीच उरलेलं नाही. मी तरी आधी गाडी जॅकवर घेऊन किटच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट एकेक करून बघेन. पट्टीला तडा दिसला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही दिसला, तर ग्लोव्हबॉक्समध्ये एक चिठ्ठी जाईल, आजच्या तारखेची.